सगीरानं कात्री का चालवली

सगीरा मॅडमनं एका पोरीचा महागाचा रेसिंग सूट कात्रीनं कापला, एवढंच आमच्या शहरात बहुतेकांना माहीत आहे. पोहायला जाणाऱ्या पोरांच्या आईबापांत ही गोष्ट अजून फिरते, आणि फिरताना प्रत्येक जण तिच्यात पदरचं थोडं घालतो. कुणी म्हणतं बाई तापट होती. कुणी म्हणतं तिला नव्या सरांचा मत्सर होता. काही जण आवाज खाली आणून तिच्या धर्मावर घसरतात. मी त्या दिवशी तिथंच होते, त्यामुळं मला हे गप्प बसून ऐकवत नाही.

सगीरा आणि मी शहराजवळच्या बिडकीन गावातल्या एकाच शाळेतल्या, एकाच बाकावरच्या. तिचे वडील युसूफचाचा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचे. पंचक्रोशीतली एकही विहीर त्यांना अनोळखी नव्हती. त्यांची धाकटी बहीण पाणी शेंदताना विहिरीत पडून गेली होती. काठावर चार बाया होत्या, पण पोहता एकीलाही येत नव्हतं. हे दुःख चाचांच्या मनातून कधी गेलं नाही. सगीरा पहिली-दुसरीत असेल तेव्हाच त्यांनी तिच्या पाठीला रिकामा डबा बांधला आणि तिला विहिरीत उतरवलं. शेजारपाजारचे कुरकुरले. पोरीच्या जातीला हे कशाला, असं मशिदीपाशीही विचारलं गेलं आणि पारावरही. चाचा म्हणायचे, "पाणी माणूस बघून बुडवत नाय."

सगीरा सलवार-कमीज घालून पोहायची आणि तरी पोरांच्या पुढं असायची. आठवीत असताना आमच्या खेळाच्या सरांनी तिला जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेला नेलं. सोबत म्हणून मला घेतलं. तिथं गेल्यावर कळलं की सलवार-कमीज चालत नाही, पोहण्याचा पोशाखच लागतो. सरांनी धावपळ करून कुणाचा तरी मागून आणला. तो एका थोराड मुलीचा होता. सगीरानं उडी मारली आणि गळ्यातून पाणी आत शिरून तो पोशाख पोत्यासारखा फुगला. एका खांद्यावरची पट्टी घसरली. निम्मं अंतर ती एका हातानं पट्टी धरून आणि एका हातानं पाणी कापत गेली. शेवटी आली. गॅलरीतली पोरं हसत होती. मी टॉवेल घेऊन काठावर उभी होते, आणि ते हसणं मला आजही ऐकू येतं.

एस.टी.त बसल्यावर ती म्हणाली, "पाण्यानं नाय हरवलं मला. कपड्यानं हरवलं."

पुढच्या वर्षी चाचींनी, म्हणजे तिच्या आईनं, स्वतः तिला शहरात, औरंगपुऱ्यातल्या दुकानात नेलं. जन्मात कधी तलाव न बघितलेल्या त्या बाईनं दुकानदाराला पाच-सहा पोशाख काढायला लावले, प्रत्येक वेळी लेकीला हात वर करायला लावले, वाकायला लावलं, आणि अंगाला नीट बसेल असा एक घेतला. त्या पोशाखात सगीरा राज्यापर्यंत गेली. त्याच्यापुढं गेली नाही. पण पाणी सुटलं नाही. तिनं प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम केला आणि शहरात छावणीच्या बाजूला असलेल्या एका क्लबच्या तलावावर बायकांची आणि लहान मुलांची बॅच घेऊ लागली. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येणाऱ्या शहरात पोहणं शिकवते म्हणून नातेवाईक तिची थट्टा करायचे. तीही हसायची. तिच्या हाताखाली किती पोरं पाण्याला सरावली याची गणती नाही. मी शिक्षिका; माझ्या शाळेतली पोरंही मी तिच्याकडंच न्यायचे.

मुलांच्या कपड्यांच्या बाबतीत मात्र ती हसण्यावारी काही नेत नसे. नवी बॅच सुरू झाली की आयांना कपडे बदलायच्या खोलीत घेऊन जायची आणि पोरींच्या अंगावरच कॉश्च्युम तपासायची. पाठीशी कापडाला झोळ पडता कामा नये, नाहीतर पाणी भरतं. पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. मांडीला काच पडता कामा नये. झालर, फुलं, छोटा स्कर्ट हे सहलीला ठीक, शर्यतीला नाही. क्लोरीनमध्ये टिकणारं कापड घ्या, घरी गेल्यावर साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. "पुढच्या वर्षी होईल म्हणून मोठा घेऊ नका आणि पोरगी वेगात जाईल म्हणून लहान घेऊ नका," हे तर तिचं ठरलेलं वाक्य. रेसिंग सूट म्हणजे तो गुडघ्यापर्यंतचा, अंग आवळून धरणारा, मोठ्या स्पर्धेत मोठी मुलं घालतात तो. त्याच्याविषयी तिला कुणी विचारलं की ती म्हणायची, "तेरा-चौदाची होऊ द्या. आत्ता तिचं पोहणंच अजून बसायचंय. आणि चार महिन्यांत तिची उंची वाढली की हा सूट कुणाला घालणार?"

मग क्लबनं सुदर्शन सर आणले. ते बाहेरच्या शहरातून मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. उंच, बोलायला गोड. इंग्रजी झकास. स्पर्धेची वेगळी तुकडी त्यांनी काढली आणि सगीरानं घडवलेली बरीचशी मुलं त्या तुकडीत गेली. सगीरा त्यांची मदतनीस झाली. तिनं तेही मनाला लावून घेतलं नाही. मुलं पुढं जात असतील तर बरंच आहे, असं मला म्हणाली.

विभागीय स्पर्धा त्या मे महिन्यात आपल्याच शहरात होणार होत्या. त्याआधी सरांनी पालकांची बैठक बोलावली. मीही होते, कारण माझ्या शाळेच्या दोन मुली तुकडीत होत्या. सरांच्या शेजारी एका कंपनीचा माणूस सूटचे खोके उघडून बसला होता. सरांनी सांगितलं की तुकडीतल्या प्रत्येक मुलानं, अगदी नऊ-दहा वर्षांच्यानंही, हाच रेसिंग सूट घ्यायचा. तोही नेहमीच्या मापापेक्षा दोन नंबर लहान. "आवळला पाहिजे, त्याशिवाय पाण्याचा विरोध कमी होत नाही," सर म्हणाले. आणि ज्याच्याकडं सूट नसेल त्याला रिलेत, म्हणजे चौघांच्या साखळी शर्यतीत, घेतलं जाणार नाही.

तिथं करमाडची तनुजा बसली होती. घरची शेती, स्वतः शेंद्र्याच्या एका कंपनीत ऑफिसात नोकरी. रोज पहाटे लेकीला, श्रेयाला, स्कूटरवर बसवून करमाडहून छावणीपर्यंत आणायची. श्रेया तेव्हा अकरा वर्षांची, लांब हातापायांची, अबोल पोर. तनुजानं सगळ्यांसमोर सगीरालाच विचारलं, "मॅडम, तुम्ही तर आधी नाय म्हणला व्हता. मग आता घ्यावा का?"

सगीरा उठून उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "सर, मोठ्या मुलांना द्या, माझं काही म्हणणं नाही. पण ह्या वयाच्या पोरांना नको. अमेरिकेत बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना असला सूट स्पर्धेत घालूच देत नाहीत. आणि दोन नंबर लहान तर मोठ्यांनीही घालू नये. छाती फुगली नाही तर पोरगी श्वास कुठून घेणार?"

सर हसले. सगळ्यांकडं बघत म्हणाले, "मॅडम, पोशाखाच्या बाबतीत तुमच्या समाजात वेगळे विचार असतात, आम्ही ते समजू शकतो. पण खेळात ते आणू नये."

मी त्या हॉलमध्ये नजर फिरवली. डॉक्टर होते, वकील होते, माझ्यासारखे शिक्षक होते. वर्षानुवर्षं पोटच्या पोरी जिच्या हातात सोपवल्या त्या बाईला हा माणूस काय बोलला, ते सगळ्यांना कळलं होतं. बरेच जण मोबाइलमध्ये बघू लागले.

सगीरा तरी सरळच बोलली. "सर, मी सांगते त्या कॉश्च्युममध्ये पाय उघडे राहतात. तुमच्या सूटमध्ये गुडघ्यापर्यंत झाकले जातात. समाजाचंच बघायचं असतं तर मी आज तुमच्या बाजूनं बोलले असते."

दोघं-तिघं हसले. सर पुढच्या विषयाकडं वळले. सूट सगळ्यांनी घेतले. तनुजानंही घेतला, कारण श्रेयाला रिलेत पोहायचं होतं, आणि रिलेची किल्ली सरांच्या खिशात होती. आईबापांना मी दोष देत नाही. पोराच्या हौसेचं दावं करून आईबापाला ओढत नेणारा माणूस समोर असला की भलेभले मागं चालतात.

स्पर्धेच्या दिवशी सकाळीच ऊन डोकं तापवत होतं. मी मुलींच्या खोलीत गेले. एकेका पोरीला दोन-दोन बाया सूटमध्ये कोंबत होत्या. पाय आत सरकावेत म्हणून पावलांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. कापड बोट-बोट वर ओढायचं, पोरीनं श्वास आत घ्यायचा, परत ओढायचं. एकीच्या मांडीचं कातडं सोलवटलं होतं. एक मुकाट्यानं रडत होती आणि तिची आई म्हणत होती, "थोडं सहन कर बेटा, सरांनी सांगितलंय ना."

श्रेयाची पहिली शर्यत सकाळी होती आणि रिले दुपारी. सरांनी मुलींना बजावलं होतं, मधे सूट काढायचा नाही, परत चढवायला वेळ जातो. आता दहा-अकरा वर्षांच्या मुली. सूट काढायचा नाही म्हणजे लघवीला जाता येणार नाही. लघवीला जाता येणार नाही म्हणून त्यांनी पाणीच पिणं बंद केलं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या त्यांनीच ठरवलं होतं. मे महिन्यातल्या आमच्या शहरात, पत्र्याच्या शेडखाली, त्या मुली भरलेल्या बाटल्या बाजूला ठेवून बसून होत्या. मला हे नंतर कळलं.

सकाळच्या शर्यतीत श्रेया नेहमीपेक्षा हळू पोहली. बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. सगीरानं विचारलं, "काय होतंय?" ती म्हणाली, "काही नाही." सगीरानं सरांना जाऊन सांगितलं की पोरीला सूट काढू द्या. सर म्हणाले, "रिले झाली की."

दुपारी रिलेसाठी नावं पुकारायच्या अर्धा-पाऊण तास आधी ईश्वरी नावाची तुकडीतली मुलगी पळत बाहेर आली. "मॅडम, श्रेया पडली." आम्ही आत धावलो. श्रेया बाकाखाली फरशीवर कलंडली होती. डोळे अर्धे मिटलेले, श्वास वरच्या वर, हाताची बोटं आखडलेली. सगीरानं तिला कुशीवर वळवलं, पट्टीखाली बोट घालून बघितलं. बोट जाईना. सूट खाली ओढून बघितला. घामानं आणि उकाड्यानं तो कातडीसारखा चिकटला होता.

"कात्री," ती म्हणाली. मी प्रथमोपचाराच्या पेटीतली काढून दिली.

दारावर थाप पडली. सुदर्शन सर बाहेरून बोलत होते. "काय झालंय? रिलेची नावं पुकारायची वेळ होत आलीय. ती उतरणार आहे का? मॅडम, सूटला काही करू नका, पाच मिनिटं पाय वर करून ठेवा तिला."

आत पोर बेशुद्धीच्या काठावर आणि दाराबाहेरून हे.  सगीरानं दोन्ही पट्ट्या कापल्या, मग डाव्या हाताचा तळवा कापडाखाली सरकवून, पोरीच्या अंगाला पातं लागणार नाही असं बघत, काखेपासून कमरेपर्यंत सूट उभा चिरला. कापड फाटल्याबरोबर श्रेयाची छाती वर आली आणि तिनं मोठा श्वास घेतला. खांद्यांवर आणि बरगड्यांवर लालजांभळे वळ उठले होते. मी टॉवेल घातला. तोवर तनुजा गॅलरीतून धावत आली होती. तिनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओल्या रुमालानं तिचं तोंड पुसत राहिली.

स्पर्धेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ऊन, पाणी न पिणं आणि हा आवळ, तिन्ही मिळून झालंय. मीठ-साखरेचं पाणी घोटघोट दिल्यावर श्रेयाला हुशारी आली.

तेवढ्यात ईश्वरी सगीरासमोर येऊन उभी राहिली. "मॅडम, माझापण काढा." तिच्यामागं बाकीच्या दोघी आणि राखीव मुलगी. सगीरानं त्यांचे सूट कापले नाहीत, तेलाचा हात लावून हळूहळू सोडवले. पोरींनी पिशवीतले जुने, रंग उडालेले सरावाचे कॉश्च्युम चढवले, पोटभर पाणी प्यायल्या आणि रिलेला गेल्या. चौथ्या आल्या. तिसऱ्या संघाच्या अगदी थोड्या मागं.

हे चौथं येणंच सरांच्या हातात कोलीत ठरलं. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर त्यांचा संदेश आला की सूट अंगावर असते तर पदक नक्की होतं, एका व्यक्तीच्या हट्टापायी मुलींचं नुकसान झालं. पोर कोसळल्याचा त्यात एक शब्द नव्हता. खाली कुणीतरी लिहिलं, "काही लोकांना मुलींनी असे कपडे घातलेले बघवत नाही." त्या माणसाची मुलगी चार वर्षं सगीराकडं शिकली होती. ज्या बाईनं तिला पाण्यात पहिल्यांदा श्वास सोडायला शिकवलं, त्या बाईविषयी त्यानं हे लिहिलं, आणि त्याच्याखाली अंगठे उठले.

क्लबच्या कमिटीनं सगीराला बोलावलं. मी आणि तनुजा सोबत गेलो. अध्यक्षांनी सांगितलं की तिनं वस्तूची नासधूस केली, प्रशिक्षकांची आज्ञा मोडली. माफी मागितली तर प्रकरण मिटवू.

सगीरा बोलायच्या आत तनुजा पुढं झाली. "सूट माझ्या पोरीचा व्हता. मी तक्रार केली का? मग नासधूस कुणाची झाली?" मग ती सुदर्शन सरांकडं वळली. "माझी पोर फरशीवर पडली व्हती तवा तुम्ही दारातून रिलेचं इचारत व्हता. ती जिती हाय का, ह्ये नाय इचारलं. मी बाईर नव्हते म्हणून बरं झालं."

सर म्हणाले, "ताई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"व्हय," तनुजा म्हणाली. "आई हाय मी."

अध्यक्ष सगीराकडं बघू लागले. ती म्हणाली, "माफी मी मागणार नाही. उद्या परत तशी वेळ आली तर परत कापीन." एवढं बोलून ती उठली. महिनाअखेरीला तिला सांगण्यात आलं की आता मदतनीसाची गरज उरली नाही.

त्यानंतरचे काही महिने वाईट गेले. ती कुणाकडं रडली नाही, पण फोन उचलेना. मी घरी गेले की चहा करायची आणि दुसरंच काही बोलत बसायची. एकदाच म्हणाली, "अब्बा असते तर त्यांना काय सांगितलं असतं मी? तलावातून काढलं, आणि कपड्यावरून?"  मला फक्त संताप येत होता, आणि तो कुठं नेऊन टाकावा ते कळत नव्हतं. मी ग्रुपवर सगळी हकिगत लिहिली. मला ग्रुपमधून काढलं.

बीड बायपासकडच्या एका शाळेत लहानसा तलाव आहे. तिथल्या मुख्याध्यापकांशी मी बोलले आणि सगीरा तिथं शिकवू लागली. जुन्या मुलांपैकी मोजकीच तिच्यामागं आली. बाकीच्यांना क्लबचा मोठा तलाव सोडवेना. श्रेया आली, आईच्या त्याच स्कूटरवरून. सुरुवातीला ती पाण्यात उतरायला कचरायची, छातीला हात लावून उभी राहायची. सगीरानं तिच्याकडून महिनाभर शर्यतीचं काही करून घेतलं नाही. नुसतं तरंगायला लावलं.

मागच्या वर्षी श्रेयाला तेरा वर्षं पूर्ण झाली. राज्य स्पर्धेसाठी निवड झाली तेव्हा सगीरानंच तनुजाला सांगितलं, "आता रेसिंग सूट घेऊ या. आता तिला शोभेल." श्रेयाला घेऊन आम्ही तिघी दुकानात गेलो. श्रेया आधी सूटला हात लावेना. सगीरानं तिला बरोबर मापाचा दिला आणि म्हणाली, "घाल, फिर, पाणी पी, वाटलं तर बस इथं तासभर. जिथं टोचेल तिथं सांग. आपण घेतलाच पाहिजे असं काही नाही." श्रेयानं तीन सूट नाकारले. चौथा घालून ती दुकानाच्या आतल्या खोलीत कितीतरी वेळ बसली, मग बाहेर येऊन म्हणाली, "हा चालेल." राज्य स्पर्धेत ती सहावी आली आणि परत येताना बसमध्ये पहिल्यांदाच भरभरून बोलली.

दरम्यान क्लबमध्ये बारा वर्षांच्या आतल्यांना रेसिंग सूटची सक्ती बंद झाली. दुसऱ्या एका मुलाला चक्कर आली, म्हणून. बोर्डावर तसा नियम लागला, खाली सुदर्शन सरांची सही. मुलांच्या आरोग्याचा विचार करून, असं त्यात लिहिलं होतं. मी तो बोर्ड उभ्यानं दोनदा वाचला आणि तिथल्या शिपायाला विचारलं की हे वाचून कुणाला हसू कसं येत नाही.

थोड्या दिवसांनी अध्यक्षांचा सगीराला फोन आला. बीड बायपासच्या त्या शाळेत, वरच्या मजल्यावर मी तिच्या शेजारीच बसले होते; तिनं फोन स्पीकरवर टाकला. झालं गेलं विसरा, परत या, मुलींच्या बॅचला तुमच्यासारखी बाई मिळत नाही, असं ते म्हणत होते.

सगीरानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या बैठकीत सर माझ्या समाजावरून जे बोलले, ते चुकीचं होतं, असं तुम्ही तशीच बैठक बोलावून सगळ्या पालकांसमोर सांगाल का?"

 अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, सगळ्यांसमोर ते जरा अवघड आहे."

"मग माझं येणंही अवघड आहे," ती म्हणाली.

फोन ठेवून ती उठली. खाली तलावावर नवी बॅच येऊन थांबली होती.